टेबल, खुर्ची, स्क्रीन: कामाची जागा अंगाला कशी बसवायची

कामाची नवी जागा मिळाली की माणूस साधारण काय करतो? आधीच्याने खुर्ची जिथे सोडली त्याच उंचीवर बसतो, स्क्रीन आहे तिथेच ठेवतो आणि कामाला लागतो. काही आठवड्यांत मान धरायला लागते, उजवा खांदा भरून येतो, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. मग सगळा दोष खुर्चीवर जातो. खुर्ची कधी कधी खरोखरच टाकाऊ असते. पण बऱ्याचदा ती बरी असते, फक्त तिच्याखालची दांडी कुणी ओढूनच पाहिलेली नसते.

पुढच्या पायऱ्या पहिल्यांदाच स्वतःची जागा लावणाऱ्यांसाठी आहेत, ऑफिसात असो की घरी. काही विकत घेण्याआधी आहे त्या सामानावर त्या करून पाहा. एक मेजर टेप, चार-पाच जाड पुस्तकं, एक टॉवेल आणि बाजूने फोटो काढून देणारं कुणीतरी, एवढं पुरे. पाऊण तास हाताशी ठेवा.

एक आधीच सांगतो: क्रम बदलू नका. इथे एक वस्तू हलवली की दुसरी बिघडते. खुर्ची वर घेतली की पाय लोंबतात, पाय टेकवायला ती खाली घेतली की खांदे वर चढतात, आणि दोन्ही वेळा स्क्रीनची उंची चुकते ती चुकतेच. ज्यांनी स्क्रीनपासून सुरुवात केली त्यांना ती परत लावावी लागते. म्हणून आधी कोपर, मग पाय, मग पाठ, मग हात आणि डोळ्यांचं शेवटी.

पहिली पायरी: कोपर सांगेल ती उंची

बहुतेक सल्ले पायांपासून सुरू होतात. तळवे जमिनीवर सपाट, गुडघे काटकोनात, आणि टेबल त्याला जुळेल असं. टेबलाची उंची बदलता येत असेल तर हे अगदी बरोबर आहे. पण ऑफिसांतली बहुसंख्य टेबलं ७२ ते ७६ सेंटिमीटरवर कायमची ठोकलेली असतात. ही उंची कागदावर पेनाने लिहायला ठीक, टाइप करायला मात्र जास्त. टाइपरायटरच्या काळात हे लोकांना माहीत होतं. अनेक ऑफिसांत टाइपिंगचं टेबल वेगळं असायचं आणि लिहिण्याच्या टेबलापेक्षा सात-आठ सेंटिमीटरने बुटकं असायचं. संगणक आला तेव्हा कीबोर्ड थेट लिहिण्याच्या टेबलावर येऊन बसला आणि ती खालची पातळी ऑफिसांतून गेलीच.

आता मोजा. पाय जमिनीला नीट टेकतील असे बसा. खांदे एकदा वर उचला आणि सोडून द्या. दंड बरगड्यांलगत सरळ खाली असू द्या, कोपरात हात काटकोनात वाकवा. कोपराच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्याला मोजायला सांगा. साडेपाच फुटांच्या आत उंची असलेल्या बहुतेकांचा हा आकडा ५८ ते ६७ सेंटिमीटरमध्ये कुठेतरी येतो. टेबल ७५ सेंटिमीटर, वर कीबोर्डची जाडी दोन-तीन सेंटिमीटर. म्हणजे हातांना कोपरापेक्षा दहा ते वीस सेंटिमीटर वर काम करावं लागतं, आणि ही उंची शरीर खांद्यांतून काढतं. खांदे हळूच कानांकडे सरकतात आणि दिवसभर तिथेच राहतात. आपल्याला ते कळतही नाही.

कळून घ्यायचं असेल तर डाव्या हाताची बोटं मान आणि उजवा खांदा यांच्या मधल्या मांसल भागावर ठेवा आणि उजव्या हाताने दोन-चार ओळी टाइप करा. बोटांखालचा भाग मऊ राहिला तर उंची ठीक आहे. तो दोरीसारखा ताठ लागला तर टेबल तुमच्यासाठी उंच आहे. आणखी एक खूण दुपारी दिसते. हात उलटा करून मनगटाच्या चार बोटं अलीकडे पाहा. तिथे आडवी लाल रेघ उमटलेली असेल तर टेबलाची कड रुतते आहे, म्हणजे हाताचा भार कडेवर पडतो आहे.

उपाय तीन, आणि याच क्रमाने. टेबलाची उंची बदलता येत असेल तर ते खाली घ्या. येत नसेल आणि टेबलाखाली कीबोर्डचा सरकता ट्रे बसवता येत असेल तर तो बसवा, मात्र त्यावर माऊसही मावला पाहिजे. माऊस वर टेबलावर आणि कीबोर्ड खाली ट्रेवर अशी फारकत झाली तर ट्रे न बसवलेला बरा. हे दोन्ही जमत नसेल तर खुर्ची वर घ्या. कीबोर्डच्या मधल्या ओळीच्या पातळीला कोपर येईल, किंवा अगदी किंचित वर, इतकी. आता पाय अधांतरी राहतील. राहू द्या, पुढची पायरी त्यांचीच आहे.

दुसरी पायरी: पायांखाली काहीतरी घट्ट

लोंबते पाय वाईट का? पायांचं वजन मांडीच्या मागच्या भागावर येतं, खुर्चीची पुढची कड तिथे दाबते, पायांना मुंग्या येतात. मग माणूस नकळत पुढे सरकून चवडे टेकवतो. पुढे सरकला की पाठ टेकूपासून सुटते आणि सगळं मुसळ केरात. महागड्या खुर्चीवर पुढच्या कडेवर टेकून बसलेली माणसं दिसतात, त्यांतल्या अनेकांची तक्रार पाठीची असते आणि कारण पायांत असतं.

खुर्ची जितकी वर घेतली तितक्या उंचीचा आधार पायांखाली द्या. विकतचा फूटरेस्ट असेल तर उत्तम, नसेल तर लाकडी ठोकळा, जाड फळी, बांधून घट्ट केलेला पुस्तकांचा गठ्ठा, काहीही चालेल. दोन अटी: तो घसरता कामा नये, आणि त्यावर दोन्ही तळवे पूर्ण मावून पाय थोडे इकडेतिकडे करता आले पाहिजेत. वीतभर रुंदीच्या दांडीवर पाय ठेवून आठ तास काढता येत नाहीत. खुर्चीच्या चाकांच्या पायांवर टाचा अडकवून बसणं हा आधार नव्हे.

टेबलाखाली डोकावूनही पाहा. संगणकाचा डबा, जुने खोके, वायरींची भेंडोळी, कचऱ्याची बादली हे सगळं गुडघ्यांच्या जागेत असेल तर तुम्ही आपोआप तिरके बसता. ते बाजूला काढा. मांडी आणि टेबलाच्या खालच्या बाजूत हाताचा पंजा सहज जाईल इतकी मोकळीक हवी.

तिसरी पायरी: खुर्चीचे खटके

खुर्चीखाली हात घाला आणि जितके खटके, दांड्या, गोल मुठी सापडतील तितक्या एकेक करून चालवून पाहा. एका दांडीने उंची बदलते, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरीने बहुधा पाठीचा कल सुटतो किंवा अडकतो. पुढच्या बाजूला किंवा मधोमध एखादी मोठी गोल मूठ असते, तिने मागे रेलताना लागणारा जोर कमीजास्त होतो. तिला फार कमी लोक हात लावतात, पण खुर्ची आरामाची की त्रासाची हे बरंचसं तिच्यावर ठरतं.

आधी खुर्चीची बैठक किती खोल आहे ते. पाठ टेकूला पूर्ण लावून बसा. गुडघ्याच्या मागची खोबण आणि बैठकीची पुढची कड यांत दोन-तीन बोटं जावीत. बोटं जात नसतील तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे. ती मागे सरकवायची सोय असेल तर सरकवा, नसेल तर पाठीमागे उशी घालून पाठ पुढे आणा. उलट अख्खा पंजा मावत असेल तर मांडीला आधार कमी पडतो आहे. उंच माणसांची ही नेहमीची अडचण आहे आणि तिला उशीचा उपाय नाही, बैठक पुढे सरकणारी खुर्चीच लागते.

मग कंबरेचा बाक. पट्टा बांधतो त्या रेषेच्या जरा वर पाठ आत वळते. टेकूचा फुगीर भाग बरोबर तिथे यायला हवा. टेकू वरखाली होत असेल तर तसा लावा. खुर्ची साधी, सपाट पाठीची असेल तर टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून तिथे ठेवा, दोन्ही टोकांना रबर लावलं की ती सुटत नाही. जाड उशी नको. तिने पाठ टेकण्याऐवजी पुढे ढकलली जाते.

आता कल. ‘ताठ बसा’ हा लहानपणापासून ऐकलेला सल्ला इथे विसरा. १९६०-७० च्या दशकांत स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. बिनटेकू बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा जास्त दाब आढळला, आणि पाठ मागे टेकवून कंबरेला आधार दिला की तो कमी झाला. पुढे १९९० च्या दशकातल्या मोजमापांत बसणं आणि उभं राहणं यांतला फरक तेवढा मोठा निघाला नाही, पण मागे रेललं की दाब उतरतो हे त्यांतही दिसलं. तेव्हा बैठक आणि पाठ यांत ९० अंशांचा नव्हे, १०० ते ११० अंशांचा कोन ठेवा. म्हणजे किंचित रेलून. त्या गोल मुठीने जोर असा लावा की पाठ मागे टाकली की खुर्ची अलगद मागे जावी आणि अंग सैल सोडलं की तिथेच पेलून धरावी. कल कायमचा अडकवून ठेवू नका. दिवसभरात पाठ चार अंश मागे-पुढे होत राहिली पाहिजे.

हातांचे टेकू शेवटी. कोपराच्या पातळीला, खांदे न उचलता हात टेकतील असे. टेकू टेबलाच्या कडेला अडकून खुर्ची आत सरकत नसेल तर ते पूर्ण खाली घ्या किंवा सरळ काढून टाका. टेबलापासून लांब बसण्यापेक्षा टेकू नसलेले परवडले.

नवी खुर्ची घ्यायचीच असेल तर दुकानात पाच मिनिटं बसून ठरवू नका. वीसेक मिनिटं बसा, आणि कागदावर पुढची चार उत्तरं लिहा: सगळ्यात खालच्या उंचीला पाय टेकतात का, बैठक पुढेमागे सरकते का, कंबरेचा टेकू जागेवर येतो का, हातांचे टेकू टेबलाखाली जातील इतके उतरतात का. खाली पाच पायांचा पंजा असावा, चार पायांची चाकाची खुर्ची सहज कलंडते. फरशीसाठी मऊ चाकं, गालिच्यासाठी कडक. डोक्याला टेकू असणं-नसणं टाइप करणाऱ्यासाठी फारसं महत्त्वाचं नाही. आणि शर्यतीच्या गाडीच्या सीटसारख्या दिसणाऱ्या, दोन्ही बाजूंनी कडा उचललेल्या खुर्च्यांबद्दल माझं मत वाईट आहे. त्या माणसाला एकाच स्थितीत कोंबून बसवतात.

चौथी पायरी: कीबोर्ड आणि माऊस

कीबोर्ड उलटा करा. मागच्या बाजूला दोन घडीचे पाय असतात. ते उघडे असतील तर मिटून टाका. या लेखातलं हे सगळ्यात सोपं काम, दहा सेकंदांचं. पाय उघडले की कीबोर्डची मागची बाजू उचलली जाते आणि मनगटं वरच्या दिशेने वाकतात. मनगट सरळ हवं: पंजाची पाठ आणि पुढचा हात एका रेषेत, वर नाही, खाली नाही, करंगळीच्या बाजूलाही नाही.

कीबोर्ड मधोमध ठेवला असं वाटतं तेव्हा तो बहुधा मधोमध नसतो. उजवीकडे आकड्यांचा पट्टा असल्यामुळे त्याचा मध्य आणि अक्षरांचा मध्य वेगळे पडतात. अक्षरांच्या भागाचा मध्य बेंबीसमोर येईल असा तो सरकवा. असं केलं की आकड्यांचा पट्टा उजवीकडे जातो आणि माऊस त्याच्याही पलीकडे. उजव्या खांद्याच्या जुनाट दुखण्यामागे हे वीतभर अंतर कितीदा तरी असतं, कारण हात दिवसभर बाहेरच्या बाजूला ताणलेला राहतो. आकडेमोडीचं काम नसेल तर आकड्यांचा पट्टा नसलेला आखूड कीबोर्ड घ्या. पैसे मोजून घ्यायच्या वस्तूंत मी याला खुर्चीच्याही आधी नंबर देईन. दुसरा मार्ग फुकट आहे: माऊस डाव्या हाताने वापरायला शिकणं. पहिला आठवडा चिडचिड होते, मग जमतं.

माऊस कीबोर्डच्या पातळीला आणि त्याला चिकटून. तो चिमटीत नव्हे, पंजात मावावा. हलवताना मनगट टेबलाला रोवून डावी-उजवीकडे वळवू नका, कोपरापासून अख्खा हात हलवा. बाण फार हळू सरकत असेल तर सेटिंगमध्ये वेग वाढवा, हाताचा पल्ला कमी होतो.

मनगटाखालच्या गादीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ती टाइप करताना मनगट टेकवायला नाही, दोन वाक्यांमधल्या विसाव्याला आहे, आणि तेव्हाही तळहाताचा खालचा भाग टेकवायचा. मनगटाच्या आतल्या बाजूने मध्यम चेता ही नस एका अरुंद बोगद्यातून पंजात जाते. नेमकी तीच जागा तासन्‌तास दाबून ठेवण्यात शहाणपण नाही.

पाचवी पायरी: स्क्रीन

आता बसण्याची उंची पक्की झाली, तेव्हाच स्क्रीनला हात लावा. पाठ टेकून बसा, हात समोर सरळ करा. बोटांची टोकं स्क्रीनला जेमतेम लागली पाहिजेत. हे अंतर साधारण ५० ते ७० सेंटिमीटर येतं. स्क्रीन मोठी असेल तर आणखी थोडी मागे. वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी खाली. आपली नजर सहजपणे क्षितिजाच्या थोडी खालीच जाते, त्यामुळे स्क्रीनचा मध्य नजरेच्या १५ ते २० अंश खाली आला तर मान आणि पापण्या दोन्हींना बरं. स्क्रीनची वरची बाजू किंचित मागे कललेली ठेवा. स्टँड पुरत नसेल तर ती पुस्तकं आता काढा.

अक्षरं लहान असतील तर ही सगळी मांडणी दहा मिनिटांत कोसळते, कारण माणूस नाक पुढे काढून वाचू लागतो. अक्षरांची तपासणी अशी करा: नेहमीच्या अंतराच्या तिप्पट मागे उभे राहा. तिथूनही मजकूर कसाबसा वाचता आला तर आकार योग्य. नाही आला तर अक्षरं वाढवा, स्क्रीन जवळ ओढू नका.

चष्म्याचा अपवाद लक्षात ठेवा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर वाचायचा भाग काचेच्या खाली असतो. वर सांगितलेल्या उंचीला स्क्रीन ठेवली तर वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान मागून दुखते. अशांनी स्क्रीन बरीच खाली घ्यावी आणि तिचा कल वाढवावा. दिवसभर स्क्रीनवरच काम असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना स्क्रीनपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये सांगून त्याच अंतराचा वेगळा चष्मा करून घेणं सगळ्यात सोयीचं.

दोन स्क्रीन असतील आणि दोन्ही सारख्याच वापरात असतील तर त्यांची मधली फट नाकासमोर आणा आणि दोन्ही थोड्या आत वळवा. एक मुख्य, दुसरी अधूनमधून बघायची, अशी विभागणी असेल तर मुख्य स्क्रीन सरळ समोर, दुसरी तिच्या शेजारी तिरपी. कागद बघून टाइप करायचं काम असेल तर कागद टेबलावर आडवा ठेवू नका, स्क्रीनच्या शेजारी किंवा कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मधे तिरपा उभा करा.

लॅपटॉपचं दुखणं वेगळं आहे, कारण त्याचा कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना जोडलेले आहेत. हात नीट ठेवले तर मान खाली, मान नीट ठेवली तर हात वर. कितीही चांगली खुर्ची आणा, हा पेच सुटत नाही. माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं आणि मान पुढे झुकली की मणक्यांवरचा भार झपाट्याने वाढतो. २०१४ मध्ये केनेथ हंसराज या शल्यविशारदांनी प्रसिद्ध केलेल्या गणनेत ६० अंश झुकलेल्या मानेवर सुमारे २७ किलोंचा भार आला होता. तो आकडा संगणकीय मॉडेलचा आहे, जिवंत मानेवर मोजलेला नव्हे. तरी दिशा काय आहे हे त्यातून कळतं. उपाय एकच: लॅपटॉप पुस्तकांवर उचला आणि वेगळा कीबोर्ड, वेगळा माऊस जोडा. रोज दोन तासांपेक्षा जास्त काम लॅपटॉपवर होत असेल तर हा खर्च सगळ्यात आधी करा.

सहावी पायरी: उजेड

स्क्रीन बंद करा आणि काळ्या काचेत पाहा. खिडकी, ट्यूबलाइट, मागचा दिवा यांपैकी जे त्यात दिसेल ते काम करताना तुमच्या डोळ्यांशी भांडतं. खिडकी तुमच्या बाजूला हवी, पाठीशी नको आणि स्क्रीनच्या मागेही नको. टेबल फिरवता येत नसेल तर पडदा. छताचे दिवे डोक्यावरून थोडे बाजूला असलेले बरे.

लिहिण्या-वाचण्याच्या आणि संगणकाच्या कामाला टेबलावर ५०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असावा असं युरोपातलं ईएन १२४६४-१ हे मानक सांगतं. फोनवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपने अंदाज घेता येतो. पण त्याहून कामाचं म्हणजे स्क्रीनची चमक खोलीशी जुळवणं. पांढरं पान उघडा आणि शेजारी खरा पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी झगझगत असेल तर चमक कमी करा, मळकट वाटत असेल तर वाढवा. अंधाऱ्या खोलीत एकटी स्क्रीन उजळवून काम करणं डोळ्यांना महाग पडतं.

स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी मिटतात. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा, स्क्रीनसमोर त्याच्या निम्म्याच्याही खाली. त्यात पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर असला की डोळे कोरडे पडलेच म्हणून समजा. झोत वळवा. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचा नियम डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, तो पाळायला सोपा आहे, फक्त आठवण ठेवावी लागते.

ऊठबस

आतापर्यंत जे लावलं ते फक्त बसण्याची सुरुवात चांगली व्हावी म्हणून. अगदी अचूक बसलेला माणूससुद्धा दोन तास न हलता बसला तर आखडतो. कॉर्नेल विद्यापीठात या विषयावर काम केलेले ॲलन हेज अर्ध्या तासाची वाटणी अशी सुचवतात: २० मिनिटं बसून, ८ मिनिटं उभ्याने, २ मिनिटं चालून. २०१५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या तज्ज्ञांच्या निवेदनात बैठ्या कामाच्या लोकांनी कामाच्या वेळेत मिळून आधी दोन तास आणि हळूहळू चार तास उभं राहण्याचं किंवा हलक्या हालचालीचं लक्ष्य ठेवावं असं म्हटलं होतं. हे आकडे घड्याळ लावून पाळणारे मी पाहिलेले नाहीत. त्यापेक्षा कामांनाच हालचाल जोडा. फोन आला की उभं राहायचं. प्रिंटर हाताच्या अंतरावर ठेवायचा नाही. पाण्याची छोटी बाटली ठेवायची, म्हणजे ती भरायला उठावं लागतं. फोन खांदा आणि कानाच्या मधे दाबून टाइप करायची सवय असेल तर हेडफोन वापरा, फोन असा दाबून धरणं हा मानेला वेगळाच छळ आहे.

वरखाली होणारं टेबल घेतलं असेल तर उभ्याची उंचीही कोपरावरूनच लावायची. टेबल वर गेलं की स्क्रीन नजरेला जुळते का ते परत पाहा, चपला घालून आणि न घालता फरक पडतो. पायांखाली जाड चटई ठेवा. दिवसभर उभं राहणं हा उपाय नव्हे, त्याने पाय सुजतात आणि कंबर वेगळ्या जागी दुखते.

आठवड्यानंतरची तपासणी

पहिले दोन-तीन दिवस नवी मांडणी परकी वाटेल. जुन्या बसण्याची स्नायूंना सवय झालेली असते. आठवडाभर थांबा, मग काम चालू असताना कुणाला तरी न सांगता बाजूने फोटो काढायला लावा. सांगून काढलेल्या फोटोत सगळे शहाण्यासारखे बसतात.

फोटोत काय पाहायचं? कान खांद्याच्या रेषेच्या पुढे गेला आहे का. गेला असेल तर स्क्रीन लांब आहे किंवा अक्षरं लहान आहेत. खांदे उचललेले असतील तर परत पहिली पायरी. पाठ आणि टेकू यांत फट असेल तर पाय पाहा, बैठक किती खोल आहे ते पाहा. मनगट वाकलेलं असेल तर कीबोर्डचे पाय परत कुणीतरी उघडले आहेत. दुखण्याची जागाही बोलते: मानेची मागची बाजू दुखत असेल तर स्क्रीन उंच किंवा चष्म्याचा प्रश्न, एकाच खांद्याचा वरचा भाग दुखत असेल तर माऊस लांब, कोपराच्या आतल्या बाजूपासून करंगळीपर्यंत मुंग्या येत असतील तर कोपर टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या कडक टेकूवर दाबलं जातं आहे.

खुर्ची दुसरंही कुणी वापरत असेल तर सगळं जुळल्यावर उंचीच्या नळीवर, टेकूच्या सरकपट्टीवर आणि टेबलाच्या पायावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. स्क्रीनच्या मागच्या कडेलाही टेबलावर एक खूण. सकाळी अर्ध्या मिनिटात जागा परत तुमची होते.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन झोप मोडत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, किंवा दुखणं मानेतून हाताकडे, कंबरेतून पायाकडे उतरत असेल तर टेबल-खुर्चीशी झटत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जाताना तो बाजूने काढलेला फोटो आणि तुमच्या उंचीची मापं बरोबर न्या. दिवसातले किती तास टाइपिंग आणि किती तास माऊस हेही सांगा, त्यांना पुढचे प्रश्न विचारायला सोपं जातं.